सोयाबीनच्या सुगीत वाढवलेली रॅम

आमच्या अहमदपुरात सुगी आली हे कॅलेंडरवरून कळत नाही, नाकावरून कळतं. सकाळी उठल्या उठल्या ओळीनं चार शिंका आल्या की समजायचं, शिवारात सोयाबीनच्या मळण्या सुरू झाल्या. आमचं घर धान्याच्या मोंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. मळणीयंत्रातून उडालेला बारीक पिवळट भुसा वाऱ्याबरोबर गावात येतो आणि खिडकीच्या गजावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या माठावरच्या झाकणावर बसतो. कच्च्या डाळीच्या पोत्यात तोंड घातल्यावर येतो तसला वास दिवसभर घरात फिरत असतो. दुपारी ऊन असं पडतं की पावसाळा संपलाय यावर विश्वास बसावा, आणि चारच्या सुमारास आभाळ असं भरून येतं की रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेली माणसं ताडपत्र्या घेऊन धावत सुटावीत.

यंदाही पहिली शिंक आली आणि मला ती सुगी आठवली. तशी ती दरवर्षीच आठवते. त्या सुगीत आमच्या घरात एकच आवाज होता, कीबोर्डचा. माझी बायको सुजाता सकाळी भाकरी करून झाल्या की बसायची, दुपारी भांडी झाली की बसायची, संध्याकाळी दिवा लागला की परत बसायची. लिपिकाच्या भरतीची लेखी परीक्षा ती उन्हाळ्यात पास झाली होती. यादीत नाव बऱ्यापैकी वर होतं. आता उरली होती टायपिंगची चाचणी. मराठीत मिनिटाला तीस शब्द, दहा मिनिटं. ते जमलं तर नोकरी, नाही जमलं तर काहीच नाही. आणि पुढच्या वर्षी परत बसते म्हणायची सोय नव्हती, कारण सुजाता बेचाळीस पूर्ण करून पुढं सरकली होती आणि वयाची मर्यादा संपत आली होती.

चाचणी दसऱ्यानंतर चार दिवसांनी होती. नांदेडला.

आता संगणकाबद्दल सांगायचं म्हणजे आधी माझ्याबद्दल सांगावं लागेल. मी शाळेत इतिहास शिकवतो, आणि जुनं ते जपावं या मताचा आहे. इथपर्यंत ठीक. पण मी नवंही जपतो. आमच्या टीव्हीचा रिमोट अजून कंपनीच्या प्लास्टिकमध्ये आहे. फ्रिजच्या दारावरची चकचकीत पातळ पन्नी मी कुणाला काढू दिली नाही, ती आपोआप कोपऱ्यातून सुटत गेली तेव्हा मी चिकटपट्टीनं परत लावली. प्रत्येक वस्तूचा खोका माळ्यावर आहे. मुलगी प्रज्ञा मला मागं ‘सीलबंद सर’ म्हणते, आणि कधीकधी पुढंही म्हणते.

लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाइलवर आली तेव्हा मी हा संगणक घेतला. शेजारच्या मास्तरांनी सुटे भाग आणून जोडून घेतला होता. मी म्हटलं, जोडलेला नको, कंपनीचा तयार घेऊ. ब्रँडेड. एका मोठ्या पुस्तकाएवढा चपटा काळा डबा, टेबलावर जागासुद्धा न घेणारा. मागच्या बाजूला स्क्रूवर एक चंदेरी गोल स्टिकर होता. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे फाटलं तर वॉरंटी संपली. त्या स्टिकरवर माझा फार जीव होता. धूळ पुसताना मी त्याच्या कडेकडेनं फडकं फिरवायचो.

वॉरंटी संपून दोन वर्षं झाली होती, हेही सांगून टाकतो. पण सील असलेली वस्तू ती सील असलेली वस्तू. उद्या विकायची म्हटली तर गिऱ्हाइकाला दाखवता येतं, असा माझा मुद्दा. कधी काही विकलं म्हणाल तर नाही.

नाव मोठं लक्षण खोटं म्हणतात, तसं त्या डब्याचं झालं होतं. सुरू व्हायला लागायचा तेवढ्या वेळात चहा होऊन कपात यायचा. सुजाता टाइप करायची तेव्हा तर बघवत नसे. ती ‘कार्यालयीन’ असा शब्द मारायची, बोटं पुढच्या शब्दावर गेलेली असायची, आणि पडदा कोराच. मग थोड्या वेळानं एसटी थांबल्यावर माणसं उतरावीत तशी सगळी अक्षरं एकदम भडाभडा उतरायची. त्यात एखादं चुकलेलं असलं तरी तोवर ती दोन शब्द पुढं गेलेली असायची.

आषाढात तिनं मला पहिल्यांदा सांगितलं होतं. “अहो, मशीन लई थांबायलंय. खादरभाईला दाखवा की एकदा.”

मी म्हटलं होतं, “चालतंय की. आधी बोटं बसू दे. मशीनचं काय.”

श्रावणात परत सांगितलं, पोळ्याच्या आधी परत. मी प्रत्येक वेळी मान हलवली. लातूरला फार्मसीला असलेल्या प्रज्ञानं फोनवर मला बसवून, कुठं काय दाबायचं ते सांगून, त्या डब्यात किती रॅम आहे ते बघायला लावलं. चार जीबी निघाली. “पप्पा, चार जीबीत आता काहीच होत नाही. संगणकाला एका वेळी काम करायला जेवढी जागा लागते, ती म्हणजे रॅम. आपल्याकडं टेबलच लहान आहे, म्हणून तो सारखा सामान खाली ठेवतो आणि परत उचलतो. आठ जीबीची एक पट्टी अजून टाका. दहा मिनिटांचं काम आहे.”

घोडं पेंड खात होतं ते इथंच. दहा मिनिटांचं काम असलं तरी त्यासाठी डबा उघडावा लागणार होता.

खादरभाईंचं दुकान बसस्टँडसमोर आहे. आधी ते रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, मग मोबाइल, आता संगणक. दुकान तेच, खुर्ची तीच, गळ्यातला चष्मा तोच. मी गेलो तेव्हा गौरी-गणपती होऊन गेले होते. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, “सर, डबा घेऊन या. पहिले खोलून देखना पडता. कोणची पट्टी लागती, किती जागा हाय, आत बघितल्याबिगर कसं सांगू?”

“पट्टी मीच आणतो,” मी म्हटलं. “म्हणजे एकदाच उघडायचं. बघायला एकदा आणि बसवायला एकदा, असं दोनदा कशाला.”

“दोनदा खोलला म्हणून डबा झिजतो का, सर?”

“सील आहे त्याला.”

खादरभाईंनी माझ्याकडं बघितलं. मग हातातल्या सोल्डरिंगच्या पेनाकडं बघितलं. “तुमची मर्जी,” म्हणाले.

आमच्याकडं परीक्षेच्या आधी सेंटर बघून यायची पद्धत आहे. ज्याची परीक्षा असते तो घरी अभ्यास करतो आणि घरातला कर्ता माणूस आठ-पंधरा दिवस आधी जाऊन गेट कुठं आहे, बस कुठं थांबते, पाणी मिळतं का, जवळ चहाची टपरी आहे का, हे सगळं डोळ्यानं बघून येतो. त्यानं परीक्षार्थीला काय फायदा होतो माहीत नाही, पण कर्त्या माणसाला आपण काहीतरी केलं असं वाटतं. मी एका रविवारी निघालो. लोह्यावरून जाणारी गाडी, दोन्ही बाजूंना काढणीला आलेलं सोयाबीन, पानं गळून नुसत्या शेंगा उरलेल्या. विष्णुपुरीला उतरलो. धरणाचं पाणी काठोकाठ होतं. सेंटर त्याच भागात एका इमारतीत होतं. मी गेट बघितलं, गेटला हात लावून बघितला, वॉचमनला दोनदा तेच विचारलं. मग नांदेड शहरात जाऊन दुकानातून रॅम घेतली.

दुकानदारानं सरळ विचारलं होतं, “लॅपटॉपची का डेस्कटॉपची?”

इतिहासाच्या मास्तरानं जेवढ्या ठामपणे उत्तर द्यावं तेवढ्या ठामपणे मी म्हटलं, “डेस्कटॉपची.” चूक त्या बिचाऱ्याची अजिबात नव्हती.

येताना लांबट खोकं मी शर्टाच्या आत, छातीशी धरून बसलो. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, औषध हाय का? मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर खादरभाई घरी आले, कारण डबा दुकानात नेताना धक्के लागतील असं मला वाटत होतं. सुजाता हातातलं टाकून बाजूला उभी राहिली. खादरभाईंनी स्क्रूड्रायव्हर काढला आणि माझ्याकडं बघितलं. मी मान फिरवली. चर्रर्र असा बारीक आवाज झाला. बास, इतकंच.

आत सोयाबीन होतं. म्हणजे दाणे नव्हेत, पण चार सुग्यांचा भुसा. पंख्याच्या पात्यांवर पिवळट लव धरली होती, कोपऱ्यात मऊ गादी झाली होती. बाहेरून मी चार वर्षं फडकं मारत होतो आणि आतून हे. खादरभाईंनी ब्रशनं सगळं काढलं. मग जुनी पट्टी हळूच ओढून काढली, बोटभर लांब, आणि खिशातून शाळेतल्या पोरांचं असतं तसलं खोडरबर काढून तिचे सोनेरी दात घासले. “हा माझा डॉक्टर,” खोडरबर दाखवत म्हणाले. मग त्यांनी मी आणलेलं खोकं उघडलं. पट्टी बाहेर काढली. जुन्या पट्टीच्या शेजारी धरली.

माझी पट्टी जवळजवळ दुप्पट लांब होती.

“सर, हा डबा छोटा हाय. दिसतो डेस्कटॉप, पण कंपनीनं आत लॅपटॉपची जागा ठेवली. हिला छोटी पट्टी लागती.” मग अजिबात न टोचता त्यांनी सांगितलं, “म्हणून म्हटलं होतं, पहिले खोलून देखू.”

सुजाता आत गेली आणि कपबशा विसळायला लागली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं. चाचणीला पंधरा दिवस राहिले होते.

खादरभाईंनी जुन्या पट्टीचा फोटो काढून प्रज्ञाला पाठवला. तिनं लातूरमध्ये हवी तशी शोधली, पण कॉलेज सोडून यायला तिला शनिवार उजाडला. तेवढे दिवस परत तीच अक्षरांची एसटी. त्या दिवसांत मी घरात जरा कमी दिसायचो. मोंढ्यात जाऊन उभा राहायचो. ट्रॅक्टरांची रांग लागलेली असायची, शेतकरी मूठभर दाणे दाताखाली धरून ओल बघायचे, हमाल पोत्यांवर पाय टाकून चहा प्यायचे. कुणी विचारलं, काय सर, काय करायलाव इथं, की मी म्हणायचो, काही नाही, आलो सहज. घरी जायला लाज वाटायची हे कुणाला सांगणार.

शनिवारी प्रज्ञा आली. खादरभाई आले. टक् असा आवाज होऊन पट्टी बसली. डबा सुरू केला आणि चहा ठेवायला गेलेली सुजाता चहा गाळायच्या आत परत आली, कारण पडदा तयार होता. तिनं बसून एक ओळ मारली. अक्षर बोटाखालीच उमटल्यासारखं आलं. प्रज्ञानं टाळी वाजवली. मीही हसलो. म्हटलं, वरातीमागून का होईना, घोडं आलं.

आणि रविवारी सकाळी सुजाताचा वेग तिसावरून बावीसवर आला.

मला वाटलं मोजण्यात चूक झाली. परत मोजलं. एकवीस. संध्याकाळी तेवीस. ती रडकुंडीला आली होती. झालं असं होतं की चार महिने पडदा मागं राहिल्यामुळं तिनं पडद्याकडं बघणंच सोडलं होतं. कागदावर नजर आणि बोटं आपल्या लयीत. आता अक्षर लगेच दिसायला लागलं. दिसलं की नजर जाते. नजर गेली की चूक दिसते. चूक दिसली की बोट मागं जातं, दुरुस्त करतं, आणि तोवर कागदावरची ओळ हरवते. इतके दिवस चुका दिसत नव्हत्या म्हणून ती पळत होती. आता प्रत्येक चूक तिला हाताला धरून थांबवत होती.

“काढा ती,” ती म्हणाली.

“काय?”

“पट्टी काढा. मला जुनंच बरं होतं.”

“अगं, चार महिने मागितलीस…”

“हाव, चार महिने मागितली. तवा दिली असती तर आज सवय झाली असती. आता आठ दिवस राह्यलेत. आठ दिवसांत मी काय काय शिकू?” इतकं बोलून ती खुर्चीवरून उठली. आवाज चढला नव्हता. आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली होती आणि तिला माझा राग आलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. म्हणजे आला आधीही असेल. बघितला पहिल्यांदा.

मी खरंच स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो. आता सील नव्हतंच, भीती कशाची. एक स्क्रू काढला, दुसरा काढला. प्रज्ञा दारात उभी होती. ती आईला म्हणाली, “मम्मी, सेंटरवरची मशीनं फास्ट असणार. तिथं काय करशील?” सुजाता कॉटवर बसली होती, ती उठून टेबलापाशी आली. मग मला म्हणाली, “लावा ते स्क्रू परत.”

ती टायपिंग शिकली होती ते लग्नाआधी, औशाला, तिच्या माहेरी. एका खोलीत ओळीनं आठ लोखंडी मशीनं. शिकवणारे सर मुलींच्या हातांवरून एक काळं फडकं टाकायचे, कीबोर्डसकट. बोटांनी बघा, डोळ्यांनी नको, असं त्यांचं म्हणणं. तिनं मला हे लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं, तेव्हा मी हसलो होतो. त्या रविवारी संध्याकाळी तिनं टीपॉयवरचा स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल काढला, चार घड्या केल्या आणि पडद्यावर टाकला. वरून एक चिमटा लावला. मग कागद समोर उभा करून बसली आणि मला म्हणाली, “घड्याळ लावा.”

पुढचे आठ दिवस माझं काम ठरलेलं होतं. दहा मिनिटं झाली की ‘थांब’ म्हणायचं, रुमाल उचलायचा, आणि लाल पेनानं नव्हे पण लाल पेनाच्या नजरेनं चुका मोजायच्या. पेपर तपासायची सवय होती, ती पहिल्यांदा घरी कामाला आली. बावीसचे पंचवीस झाले, सत्तावीस झाले. एक दिवस परत चोवीस. परतीचा पाऊस एका दुपारी आला आणि समोरच्या रस्त्यावर वाळत घातलेलं सोयाबीन वाचवायला आख्खी गल्ली धावली. मी धावलो, चाचणीपर्यंत घरीच थांबलेली प्रज्ञा धावली. ओली पोती ओढून आम्ही घरात आलो तेव्हा सुजाता तशीच टाइप करत होती, तिला पाऊस आल्याचं माहीतच नव्हतं. दसऱ्याला ती पांढरी साडी नेसून विहारात गेली, वंदना करून आली, आणि साडी न बदलता खुर्चीवर बसली. त्या दिवशी एकतीस झाले.

त्या दिवसांत मला एक गोष्ट कळली, ती लिहितो. कीबोर्डच्या आवाजावरून मला कळायला लागलं की ती कुठं अडखळली. जोडाक्षर आलं की आवाज बारीक व्हायचा, नेहमीचा शब्द आला की मोकळा व्हायचा. एकवीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो, पण तिचं काम मी इतकं लक्ष देऊन कधी ऐकलं नव्हतं. भाकरी थापल्याचा आवाज मला ऐकू यायचा तो भूक लागली म्हणून. वस्तू कशा जपायच्या हे मला ठाऊक होतं. ज्या वस्तूनं माणसाचं काम व्हायचं ती झाकून ठेवली तर माणूस अडून राहतो, इतकी साधी गोष्ट कळायला माझं चांगलं शिकलेलं डोकं कमी पडलं.

चाचणीच्या दिवशी पहाटेच्या गाडीनं निघालो. गेट मी बघून ठेवलेलंच होतं, त्याचा उपयोग इतकाच झाला की आम्ही दीड तास आधी पोचलो. सुजाता आत गेली. बाहेर लिंबाच्या झाडाखाली आमच्यासारखी माणसं बसलेली, कुणाचा बाप, कुणाचा भाऊ, आणि दोन-तीन माझ्यासारखे नवरे. देगलूरकडचे एक गृहस्थ सगळ्यांना सांगत होते की यंदा उतारा सोपा असणार, हे त्यांना कसं कळलं ते मात्र सांगत नव्हते. मला एकदम आठवलं की तिथं पडद्यावर टाकायला रुमाल नाही. असता तरी टाकू दिला नसता. हे आम्हा तिघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मी उठलो, परत बसलो. करण्यासारखं काहीच नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा चष्मा हातात होता. सुजाताला लांबचं दिसत नाही, जवळचं दिसतं. चालताना चष्मा काढून ती कधी चालत नाही.

“चष्म्याला काय झालं?” मी विचारलं.

“काय न्हाई. काढून ठिवला होता.” तिनं तो पदरानं पुसून डोळ्यांवर चढवला. “चष्मा काढला की पडदा नुसता पांढरा दिसतो. कागद जवळ ठिवला, तेवढाच वाचता येतो. बसल्या बसल्या सुचलं. आता काय छापलंय ते तिलाच माहीत.”

“तिला म्हणजे?”

“मशीनीला.”

आम्ही रस्त्यावरच्या टपरीवर चहा घेतला आणि परतीच्या गाडीत बसलो. लोहा मागं पडल्यावर, खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, “मला एकदा कॉल आला होता. ध्यानात हाय का तुमच्या?”

ध्यानात होतं. प्रज्ञा तेव्हा रांगत होती. असंच एका खात्याचं पत्र आलं होतं, टायपिंगच्या चाचणीला बोलावलेलं. मी म्हटलं होतं, पोरगी लहान आहे, यंदा राहू दे, पुढच्या वेळी बघू. पुढच्या वेळी माझी बदली झाली. त्याच्या पुढच्या वेळी आई आजारी पडली. मग पुढच्या वेळी बघू हे वाक्यही कुणी म्हणेनासं झालं.

“तवा माझा चाळीसचा वेग होता,” ती म्हणाली. “मराठीचा.”

बाजूच्या शेतात कडब्याच्या गंजीसारखे सोयाबीनचे ढीग झाकून ठेवले होते, ते मागं जात राहिले. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटून घेण्याचा अधिकारसुद्धा आपल्याला आहे का, असंही वाटलं.

निकाल दिवाळीनंतर लागला. सुजाता पास झाली. वेग किती आला ते निकालात नव्हतं, नुसतं पात्र असं लिहिलं होतं. प्रज्ञा फोनवर ओरडत होती, खादरभाईंनी पेढे घेतले आणि एक पेढा त्या डब्यावर ठेवला. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, “झालं बाबा एकदाचं.” सुजाता स्वयंपाकघरात गेली आणि तिथं तोंडावर पाणी मारल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

आता ती औशाला असते. म्हणजे नोकरी औशाला, खोली लातूरला, प्रज्ञाबरोबर. शनिवारी येते, सोमवारी पहाटे जाते. मधले दिवस मी भाकरी करतो, त्या बऱ्या होतात असं मीच म्हणतो. संगणक चांगला पळतो, पण पळवायला घरात कुणी नाही. हे लिहितोय ते त्याच्यावरच, एका बोटानं. अक्षर लगेच येतं. मीच थांबतो.

पण मला त्या सुगीबद्दल विचारलं तर मी शेवटी सांगतो ती गोष्ट सुगीतली नाहीच, थंडीतली आहे. सुजाता नोकरीवर हजर झाली त्या दिवशी मी तिच्याबरोबर औशाला गेलो होतो. कार्यालयातल्या जुन्या टेबलामागं एक वयस्क हेडक्लार्क बसले होते. त्यांनी नवं कोरं सेवापुस्तक उघडलं आणि सावकाश एकेक रकाना भरायला लागले. नाव. शिक्षण. जन्मतारीख. नियुक्तीची तारीख. मग निवृत्तीची तारीख काढायला त्यांनी बोटांवर हिशेब केला, आणि मान वर केली.

“मॅडम, सोळाच वर्षं व्हायलीत की नोकरीची. आमच्याकडं पोरी बाविसाव्या वर्षी लागतात. इतका उशीर कामून केलाव?”

माणूस वाईट नव्हता, सहज विचारत होता. सुजाता पेन हातात धरून उभी होती. अशा वेळी आम्ही सगळे एकच उत्तर देतो, ते मलाही तोंडपाठ होतं. घरची परिस्थिती. ते इतकं चांगलं उत्तर आहे की त्यात कुणाचंच नाव येत नाही.

“माझ्यामुळं झाला,” मी म्हटलं. “त्यांना उशीर माझ्यामुळं झाला.”

हेडक्लार्कनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. खोलीत दोन टेबलं सोडून कुणीतरी टाइप करत होतं, ते चालूच राहिलं. सुजातानं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं सेवापुस्तक स्वतःकडं ओढून घेतलं.

“सही कुठं करायची, साहेब?” तिनं विचारलं.